बोक्याला कोणी काय केलं

आमच्या घरात माझ्याआधी बोक्याला छाती आली.

मी चार महिने आरशासमोर तिरकी उभी राहून आशेने स्वतःकडे बघत होते. पणजीच्या डॉक्टरकडे खेपा घालत होते, गोळ्या-औषधांवर जीव लावून बसले होते. आणि हा फुकट्या, ज्याने आयुष्यात बांगड्याच्या डोक्याशिवाय काही मागितलं नव्हतं, तो अंगणात उताणा पडून पोटावरची दोन रांगा गुलाबी थानं उन्हाला दाखवत होता. मला पहिल्यांदा हेवा वाटला. काळजी नंतर वाटली. उगाच खोटं कशाला बोलू?

पेडण्याच्या बाजारात, सरकारी ऑफिसांच्या समोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आत साहेब बसतात, बाहेर मी बसते, आणि आत कोणता कागद लागतो हे साहेबांपेक्षा मला जास्त ठाऊक असतं. नाव बदलण्याची प्रतिज्ञापत्रं मी लोकांसाठी किती टाइप केली त्याला गणती नाही. लग्न झालेल्या मुली येतात, एक अक्षर चुकलेले शेतकरी येतात. ‘यापुढे मला अमुक नावानेच ओळखण्यात यावे’ हे वाक्य माझी बोटं झोपेतही टाइप करतील. फक्त स्वतःसाठी ते पान काढायला हात चालत नव्हता, कारण तेव्हा मी गावाच्या हिशेबी तिशी उलटलेला, लग्न न जमलेला, एका विधवेचा एकुलता एक मुलगा होते.

आईला काही माहीत नव्हतं. म्हणजे मी काही सांगितलं नव्हतं. केस वाढवले तेव्हा तिने शेजाऱ्यांना परस्पर सांगून टाकलं की पोराचा नवस आहे. कुठल्या देवाचा, कशासाठी, हे तिने मला विचारलं नाही आणि मीही खोडून काढलं नाही. नवसाच्या नावावर आमच्याकडे माणूस शेंडीपासून उपासापर्यंत काहीही करू शकतो, कोणी हूं की चूं करत नाही.

पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्या दिल्या. त्या मला सोसल्या नाहीत, तेव्हा दंडाला चोळायचं जेल दिलं. रोज एकदा लावायचं, सुकू द्यायचं, आणि लावलेली जागा दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागू द्यायची नाही.

‘घरात लहान मुलं आहेत?’ त्यांनी विचारलं.

‘नाहीत.’

‘आणखी कोण असतं?’

‘आई. पण ती मला मिठी मारत नाही.’

बाईंनी मान हलवून पुढचं लिहिलं. मांजराचं त्यांनी विचारलं नाही, मला सुचलं नाही.

गोव्यात दुपारी एक ते साडेतीन दुकान उघडं ठेवणाऱ्याला लोक वेडा समजतात. त्या वेळात मी घरी येऊन जेवायचे, माझ्या खोलीचं दार लोटायचे, गावेतीत, म्हणजे मेजाच्या खणात, टाइपरायटरच्या जुन्या रिबनींखाली लपवलेली ट्यूब काढायचे, दंडाला जेल चोळायचे आणि पंख्याखाली आडवी व्हायचे. पाच मिनिटांत बोका जनेलातून उडी मारून आत यायचा आणि थेट माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपायचा. झोपण्याआधी तो दंड चाटायचा. त्याची जीभ खरखरीत, मला गुदगुल्या व्हायच्या. मला वाटायचं, बघा, माया म्हणतात ती ही.

हा बोका खरं तर आईचा. कोळणीच्या पाटीतून मुठीएवढा आला होता. त्याला नाव नाही, आई त्याला बोकोच म्हणते. तो वयात आल्यावर सरकारी दवाखान्यात ऑपरेशनचा कॅम्प लागला, तेव्हा मी म्हटलं होतं, नेऊया. आई कडाडली, ‘देवान दिलेलां कापूचां नाय!’ पुढच्या आठवड्यात बोका उकड्या तांदळाच्या पोत्यावर मुतला. आईने त्याच सकाळी त्याला बाल्दीत घातलं, वर सूप झाकलं आणि स्वतः दवाखान्यात नेऊन सगळं कापून आणलं. आईची तत्त्वं कुठपर्यंत टिकतात हे मला त्या दिवशी कळलं. तांदळाच्या पोत्यापर्यंत.

माझ्यातला बदल पहिल्यांदा ओळखला तो बोक्यानेच. पण भलतं काही मनात आणू नका, त्याला माझ्या आत्म्याशी घेणंदेणं नव्हतं. मी दुपारी दार लोटून आवाजाचा सराव करायचे. हळू, वरच्या पट्टीत, ‘नमस्कार, काय काम होतं?’ असं. आई मासळी कापायला बसली की अशाच बारीक आवाजात बोक्याला बोलावते. त्यामुळे मी दोन वाक्यं बोलले की हा धावत यायचा, इकडेतिकडे हुंगायचा, मासळी नाही असं दिसलं की माझ्या पायाच्या अंगठ्याला कडकडून चावायचा. इतका चोख अभिप्राय मला पुढे कोणी दिला नाही.

दुसरी गोष्ट छातीची. ती दुखायला लागली. आत सुपारीएवढी गाठ, वरून सदरा घासला तरी कळ. मी मनातून खूश होते, पण बोक्याला लहानपणापासून सवय, झोपेआधी माझ्या छातीवर चढून दोन्ही पंजांनी कणीक मळायची. एक दिवस त्याने नेमका गाठीवर पाय दिला आणि मी ‘आई गंऽऽ’ करून ओरडले.

‘काय झालां रे?’ बाहेरून आई.

‘बोक्यान नखां मारली.’

‘मगे इतक्यां बोंबलतंस कित्याक? बाळंतीण काय तू?’

मी उशी तोंडावर घेऊन हसले. मग थोडी रडलेसुद्धा.

मे महिन्यात आमच्या काकीशी वाजलं. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, शेजारच्याच घरात राहते, मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण. आमची चवथ तिच्या घरी असते, कारण कुळाचा गणपती तिथे बसतो. त्या मे महिन्यात पावसाळ्याच्या बेगमीचे बांगडे तिने गच्चीवर सुकायला घातले होते आणि बोक्याने त्यांतले अर्धे उडवले. काकी झाडू घेऊन कुंपणापाशी आली आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘वयनी, तुझ्या बोक्याक एक दीस अशी अद्दल घडवतलंय की परत ढेंग वर करूचो नाय!’ आई म्हणाली, ‘घडव, घडव.’ दोघींची अशी भांडणं वर्षातून पाच-सहा होतात आणि चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, एकत्र बसून तळताना विरून जातात.

जूनमध्ये बोक्याला थानं आली.

आईला ती पिसवा काढताना सापडली. तिने त्याला उताणं करून दोन-तीनदा मोजलं, चष्मा लावून परत मोजलं. मला हाक मारली. मी म्हटलं, गरमीने सुजलं असेल. आईने हळद लावली, बोक्याने ती माझ्या चादरीला पुसली. मग वाड्यावरचे इतर बोके येऊ लागले. आमच्या बोक्याशी मारामारी करायला नव्हे, लग्न करायला. एक काळा, कान फाटलेला, दांडगा बोका तर तुळशीपाशी बसून दिवसभर गळा काढायचा. आमचा बावळट त्याच्याकडे बघत राहायचा. एका सकाळी आईने त्या काळ्याला आमच्या बोक्याच्या पाठीवर चढलेला पाहिला. तिने हातातला पाण्याचा तांब्या फेकून मारला, मग तशीच पायरीवर बसली.

‘बोक्याचां बोकेपणच गेलां गो बाये,’ ती कोणालाच उद्देशून म्हणाली.

मी दातांखाली ओठ दाबून आत पळाले. हसू आवरेना. आणि हसता हसता एकदम लक्षात आलं. बोक्याची छाती, माझी छाती, दोघांचं एकाच मोसमातलं पीक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आईने मात्र वेगळी वाट धरली. ती देवळात कौल घ्यायला गेली. आमच्याकडे देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आईने विचारलं, ‘माझ्या बोक्याक कोणी काय केलां काय?’ गुरव मांजराचा प्रश्न घ्यायला कुरकुरला म्हणे. पण आईसमोर गुरव काय टिकणार? त्याने विचारलं, आणि उजवी पाकळी टपकन पडली.

देव खरं बोलला. पण आमच्या समोरच्या ऑफिसातल्या साहेबांसारखं, विचारलं तेवढंच. कोणी केलं हे त्याने सांगितलं नाही, आणि ते आईला विचारायची गरज वाटली नाही. तिला कुंपणापलीकडे बांगडे दिसत होते, झाडू दिसत होता. घरी येऊन तिने काकीकडची वाटी, पीठ चाळायची चाळण आणि एक जुनी पिरेस, म्हणजे बशी, कुंपणावर ठेवून दिली. ‘करणी करणाऱ्यांच्यो वस्तू माका नको,’ एवढंच बोलली. काकीला आधी कळेचना. कळल्यावर ती अंगणात उभी राहून अशी रडली की रस्त्यावरून जाणारा पोदेर, आमचा पाववाला, सायकल थांबवून बघत राहिला.

मी बोक्याला घेऊन डिचोलीला गेले. पेडण्यात नेलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजारात कळलं असतं. स्कूटरच्या पुढ्यात करंडी, करंडीत बोका, आणि तो सगळ्या वाटेत मला शिव्या देत होता. मुळगावच्या बाजूने गेलो. एका जागी रस्ता उखडलेला, त्या तांबड्या चिखलातून बाहेर पडलो तेव्हा दोघांचा रंग एकच झाला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी बोक्याचं पोट चाचपलं, शेपटी उचलली, आणि शांतपणे विचारलं, ‘घरात कोण हार्मोनचं क्रीम किंवा जेल लावतं का?’

मी क्षणभरही थांबले नाही. ‘आई,’ म्हटलं.

‘बरोबर. या वयात काही बायकांना देतात. त्यांना सांगा, मांजराने चाटलं तर असं होतं. जागा कपड्याने झाका, हात धुवा. चाटणं थांबलं की हे आपोआप उतरेल, दीड-दोन महिने लागतील. आणि आईंना रागावू नका हं, त्यांची चूक नाही.’

मी म्हटलं, ‘नाही रागावणार.’

परतताना मला स्वतःची एवढी शरम वाटली की हेल्मेटच्या आत मी स्वतःलाच मोठ्याने शिव्या दिल्या. बोका गप्प झाला. त्याला वाटलं असेल, आता हिची पाळी.

त्या दिवसापासून मी जेल मांडीला लावू लागले आणि जनेल बंद करून झोपू लागले. बोका बाहेरून काचेवर पंजे मारायचा. पण काकीचं काय? मला सगळं ठाऊक होतं आणि मी तोंड उघडत नव्हते. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं माझं चाललं होतं. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज आई समोर यायची, पाव पुढे करायची, आणि मला वाटायचं, उद्या. काकीने आमच्याकडे बघणं सोडलं. तिच्या घरात चवथीसाठी डबे-पातेली घासायचा आवाज यायचा आणि आई मुद्दाम टीव्ही मोठा करायची.

श्रावण सरत आला. एका बुधवारी आईने नवं लुगडं नेसलं, शेंडीचा नारळ पिशवीत घातला आणि म्हणाली, ‘माका देवळात सोड.’

‘परत कौल?’

‘कौल झालो. आता नारळ ठेवतंय. ज्या कोणी माझ्या मुक्या बोक्याचां ह्यां केलां, तेचां बरां होवचां नाय.’

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, हा नारळ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. चोर सापडत नसेल, बांध कोणी सरकवला कळत नसेल, तर देवापुढे नारळ ठेवून माणूस मोकळा होतो. पुढचं देव बघतो. नाव घ्यावं लागत नाही, ज्याने केलं त्याला तो शाप बरोबर शोधून काढतो. आई काकीसाठी म्हणून निघाली होती. तो शाप निघाला असता, कुंपणापाशी थबकला असता, आणि उलटा फिरून माझ्या खोलीत शिरला असता.

माझा देवावर विश्वास नाही. आईच्या शापावर मात्र आहे. तिने एकदा एका म्हशीला म्हटलं होतं ‘मर’, आणि ती संध्याकाळी मेली. म्हैस आजारी होती हे खरं, पण तरी.

मी स्कूटर काढली. आई मागे बसली, मांडीवर पिशवी. गाव संपलं, दोन्ही बाजूंना काजूची झाडं लागली. देऊळ तीन वळणांवर होतं, मग दोन. मी स्कूटर बाजूला घेतली आणि बंद केली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. 

‘पेट्रोल संपलां?’

‘नाय. आई, बोक्याक काकीन काय करूक नाय.’

‘तुका काय म्हायत?’

‘मी केलां.’

मागे तिने पिशवी सावरली, नारळ माझ्या पाठीला लागला.

‘मी एक औषध लायतंय. हाताक लायत होतंय. बोक्यान तां चाटलान. डिचोलीच्या डॉक्टरान सांगल्यान.’

‘कसलां औषध?’

‘बायलमाणसांचां.’

‘तुका कित्याक व्हयां बायलमाणसांचां औषध?’

या प्रश्नाचं उत्तर मी आरशासमोर किती सुंदर बसवलं होतं. त्यात लहानपण होतं, वेदना होती, शेवटी आईचा हात हातात घ्यायचा होता. तोंडातून जे निघालं ते असं, ‘कित्याक म्हटल्यार मी बायलमाणूसच आसंय. पयल्यापासून.’

एक बस आली, हॉर्न वाजवून गेली. बसमधल्या कोणीतरी मला हात केला, आणि मीही खुळीसारखा हात केला.  तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मला वाटलं, आता ती उतरेल आणि चालत देवळात जाईल. नारळ तिच्याकडेच होता.

‘बोको मरतलो?’ तिने विचारलं.

‘नाय. बरो होतलो. आता चाटणां बंद केलंय.’

‘आणि तू?’

‘मी कित्याक मरतलंय?’

‘मगे गाडी वळय.’

घरी आल्यावर तिने पायरीवर नारळ फोडला, खवला, आणि मोडाच्या मुगाच्या मुगागाठी केल्या. ‘देवाक दाखवूक नव्हतो, म्हणान खाल्लो तर चलता,’ हे ती बोक्याला म्हणाली, मला नव्हे. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोक्यामार्फतच बोलत होती. ‘बोक्या, जेवण वाढलां म्हणान सांग.’ ‘बोक्या, कपडे सुकले, काढूक सांग.’ बोका आमच्या दोघींमध्ये बसून शेपटी चाटत असायचा. मध्यस्थ म्हणून तो फारच सुस्त होता.

पण काकीकडे ती दुसऱ्याच दिवशी गेली. मला चल म्हणाली नाही, पण चपला घालताना इतका वेळ लावला की मी मागून निघाले. काकी नेवऱ्यांसाठी खोबरं परतत होती. आईने उभ्याउभ्याच सांगितलं. गोल गोल काही नाही. बोक्याला तू काही केलं नाहीस, ह्यानेच केलं, बायकांचं औषध लावतो, बाई व्हायचंय म्हणतो, मी तुझ्यावर आळ घातला, माझं चुकलं. हे सगळं तिने एका दमात, भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

काकीने झारा खाली ठेवला. ‘वयनी, तेना काय लावचां तां लावू दी. आपल्या अंगाक लायता, माझ्या नाय. पण तू माका करणीवाली म्हटलंस? माझे बांगडे तुझ्या बोक्यान खाल्ल्यान, आणि करणीवाली मी?’

आणि ती रडायला लागली. मग आई रडायला लागली. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि माठापाशी उभी राहून माझी रडायची पाळी उरकून घेतली. बाहेर आले तेव्हा दोघी नेवऱ्यांच्या सारणात साखर किती यावर भांडत होत्या. काकीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘केस तरी नीट बांध,’ ती म्हणाली. ‘सोडलेल्या केसांनी चुलीपाशी येतत काय कोण?’ तिने स्वतःच्या डोक्यातला चाप काढून मला दिला. मी तो लावला आणि नेवऱ्यांच्या कडा दाबायला बसले. माझ्या नेवऱ्या तळताना फुटल्या. बाईमाणसाचा हात आहे असं त्या घरात कोणी म्हणालं नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

चवथ झाली, गणपती गेला. बोक्याचं पोट हळूहळू सपाट झालं. काळा बोका तुळशीपासून उठला आणि दुसरं स्थळ शोधायला गेला. एका दुपारी आई बोक्याला मांडीवर उताणं घेऊन बसली होती. बराच वेळ चाचपून झाल्यावर तिने त्याला खाली ठेवलं आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून विचारलं.

‘बोक्याचां गेलां. तुझां?’

‘माझां जावचां नाय, आई.’

ती उठून आत गेली. भांडी आपटण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, ‘सोमवारी देवाकडे जातंय. तुझां विचारतंय.’

‘मी सोडतंय गाडयेन.’

‘नको. बशीन जातंय.’

आता माझं हसू संपलं. आई कौल नुसता घेत नाही, पाळते. मी लहान असताना परसात गडी विहीर खणत होते, कमरेपर्यंत खड्डा झाला होता, तेव्हा तिला शंका आली, कौल घेतला, डावी पाकळी पडली. तिने गड्यांना सांगून तो खड्डा त्याच दिवशी बुजवला. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, पण खड्डा बुजलाच. देवाने माझ्याबद्दल डावी पाकळी टाकली तर ती रडेल, मला डबा भरून देईल आणि घरातून जायला सांगेल, याबद्दल मला शंका नव्हती. ओल्या फुलाची पाकळी. वाऱ्याने पडते, गुरवाचं बोट लागून पडते, पाणी कमी झालं की पडते. तिच्यावर मी या घरात राहणार की नाही ते ठरणार होतं, आणि मला भयंकर भीती वाटत होती.

सोमवारी मी दुकान उघडलं. एका माणसाच्या उताऱ्यावर त्याच्या आजोबांचं नाव तीनदा चुकीचं टाइप केलं. तो म्हणाला, बरं नाही का? मी म्हटलं, नाही. शटर ओढलं आणि घरी येऊन पायरीवर बसले. बोका येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. जनेल बंद केल्याचा राग त्याने अजून सोडला नव्हता.

बाराच्या बसने आई आली. फाटकापासून पायरीपर्यंत ती नेहमीपेक्षा सावकाश चालली. पाय धुतले. पदराला हात पुसले. आत जाऊन पिरेसमध्ये दूध आणलं, त्यात पावाचा तुकडा कुस्करला, बोक्यापुढे ठेवला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पण तिचं तोंड नेहमीसारखंच, उन्हाने त्रासलेलं.

‘काय म्हणालो?’ मी विचारलं.

‘कोण?’

‘देव.’

‘विचारूक नाय.’

मला वाटलं गुरव नव्हता, किंवा सोयर-सुतक काही निघालं. ‘कित्याक?’

आई माझ्या शेजारी पायरीवर बसली. गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब केला.

‘गुरवान पाकळ्यो लायल्यान. म्हणालो, विचार. मी हात जोडून उभी रवलंय. माझ्या फाटसून चार माणसां लायनीत. मगे मी तेका सांगलंय, काढ त्यो पाकळ्यो.’

‘पण कित्याक, आई?’

‘डावी पडली आसती तर?’ ती म्हणाली. ‘ह्या वयार मी नवो देव खंय शोधू?’